म्हातारीची लिफ्ट

पानेसाहेबांचा चेहरा गल्लीत किती जणांना ओळखता आला असता, कोण जाणे. त्यांचे पाय मात्र सगळ्यांना पाठ होते. सुट्टीच्या सकाळी कुणी फाटकातून डोकावलं, की एका जुन्या मातकट मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत, आणि येणारा त्या पायांशीच बोलायला लागे. पायही आपल्या परीनं उत्तर देत. उजवा हलला की 'हो', डावा हलला की 'नंतर या'. विमा कंपनीत एवढ्या हुद्द्यावर असलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. पण पानेसाहेबांना काय काय शोभत नाही याबद्दल तिची इतकी मतं होती, की हे एक त्या गर्दीत हरवून गेलं होतं.

पाने हे त्यांचं आडनाव नव्हे. एकदा ऑफिसच्या मोठ्या बैठकीत सही करायची वेळ आली आणि त्यांनी खिशातून ऐटीत पेन काढलं, ते पेन नव्हतं, दहा-अकराचा पाना होता. साहेबांच्या साहेबांनी तो हातात घेऊन नीट पाहिला आणि परत दिला. त्या दिवसापासून ते पानेसाहेब झाले. आता त्यांना पत्रंसुद्धा याच नावानं येतात आणि तेही निमूटपणे फोडतात.

मोटारीला मात्र त्यांनी स्वतःच नाव ठेवलं होतं: म्हातारी. यात अनादर मुळीच नव्हता, सगळा लाडच होता. "आज म्हातारीला जरा बरं नाही", "म्हातारी सकाळपासून खोकतेय", असं ते ऑफिसात सांगत, आणि ऑफिसातले सज्जन लोक हळहळून "डॉक्टरला दाखवलंत का?" असं विचारत. तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण सावध होणं हे पानेसाहेबांना नेहमी प्रकरण आटोपल्यावर जमतं.

तर एका सकाळी म्हातारीखाली गोणपाटावर पडून सायलेन्सरचा नट सोडवत असताना पानेसाहेबांच्या कमरेत काहीतरी कडकन वाजलं. आधी त्यांना वाटलं, नट सुटला. आनंदानं उठायला गेले तर नट जागच्या जागी होता, सुटली होती ती कंबर. हाका मारल्या, पण गल्लीला त्या पायांची इतकी सवय, की कुणी दखलच घेईना. एकानं तर पायांना पुढच्या गल्लीतला पत्ता विचारला. शेवटी बायकोनं दोन्ही घोटे धरून त्यांना गाडीखालून ओढून काढलं, एखादं जड कपाट सरकवावं तसं.

"पुन्हा खाली शिरलात तर तिथंच जेवण पाठवीन," ती म्हणाली.

पाठीला शेक घेत पडल्या पडल्या पानेसाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण गाडीखाली का जायचं? गाडीनं आपल्यावर यावं! गॅरेजमध्ये असते तशी लिफ्ट घरीच बसवायची. बटण दाबलं की म्हातारी वर, आणि आपण खाली ताठ मानेनं उभे. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि अक्कल हौसेच्या जवळपासही फिरकत नाही, हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नाही.

लिफ्ट निवडणं म्हणजे मुलीला स्थळ निवडण्याइतकं नाजूक काम निघालं. दोन खांबांची असते, चार खांबांची असते, कात्रीसारखी उघडणारी असते. दोन खांबांची गाडीला चार हातांवर अधांतरी धरते. दिसायला देखणी, पण तिला जमीन पक्की लागते, नाहीतर ती खांबांसकट मान टाकते. कात्रीवाली जागा कमी खाते, पण गाडीच्या बरोबर पोटाखाली उभी राहते, म्हणजे नेमकं जिथं काम करायचं तिथंच ती मध्ये. पानेसाहेब माहितीपत्रकं उशाशी घेऊन झोपत. बायकोनं एकदा त्यांना झोपेत "चार टन" असं पुटपुटताना ऐकलं आणि तिला वाटलं, हे आपल्याबद्दलच आहे. दोन दिवस तिनं अबोला धरला.

शेजारी एक निवृत्त वकील राहत. सल्ला देण्याआधी विषय ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांचे सल्ले फार झटपट मिळत. पानेसाहेबांनी कुंपणावरून नुसतं "लिफ्ट घेतोय, दोन खांबांची घेऊ की चार?" एवढंच विचारलं.

"चार!" वकील गरजले. "अहो, लोकशाही चार खांबांवर उभी आहे, तरी डुगडुगते. तुम्ही दोनावर भरवसा ठेवता? आणि परवानगी काढा. आधी परवानगी, मग लिफ्ट. उलट केलंत तर मला फोन करू नका."

लिफ्ट कुणासाठी, हे ना त्यांनी विचारलं, ना यांनी सांगितलं. इथंच घोडं पेंड खायला लागलं.

त्याच सुमारास, घराच्या तळमजल्यावर कारखाना म्हणून वापरायच्या एका लांबोड्या खोलीत शिडीवर चढून पानेसाहेब छताची उंची मोजत होते. मोजता मोजता लिफ्टच्या दुकानदाराशी फोनवर ओरडून बोलणंही चाललं होतं: "हो, हो, म्हातारीसाठीच! घरातच बसवायची!" फोन ठेवून पाहतात तर दारात समोरच्या घरातल्या नर्सबाई उभ्या. या बाई पानेसाहेबांच्या आईचं ब्लडप्रेशर तपासायला येत. आई वरच्या मजल्यावर असे.

"खरंच लिफ्ट बसवताय?" नर्सबाईंनी विचारलं.

"ठरवलंय एकदाचं. किती दिवस बघायचे तिचे हाल?"

नर्सबाईंचा आवाज ओला झाला. "किती जणांना सुचतं हो हे! पण झेपेल का?"

"न झेपायला काय झालं? वजन काही फार नाही. सांगाडा अजून भक्कम आहे. काय बिघाड आहे तो सगळा खालच्या अंगाला."

"गुडघे," नर्सबाई जाणकारपणे म्हणाल्या.

"ते तर गेलेच," पानेसाहेब स्वतःचे गुडघे चोळत म्हणाले. "पण लिफ्ट आली की गुडघ्यांचा प्रश्नच मिटला."

"आत बसायची वगैरे सोय असते ना?"

"बसायची कशाला? ढकलून वर चढवायची, दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे, म्हणजे घरंगळत नाही."

"आणि वर गेल्यावर?"

"वर गेली की मी मोकळा. हवं तर दिवसभर राहू दे वर. लोक मला म्हणतात, मोडीत काढा. पण माझा जीव होत नाही हो. वडिलांनी आणलेली आहे ती!"

यावर नर्सबाईंनी रुमालात नाक शिंकरलं, "बोलायला फटकळ आहात, पण मन सोन्याचं आहे तुमचं," असं म्हणाल्या आणि लगबगीनं गेल्या. बाईंना यंत्राबद्दल इतकी आत्मीयता असेल असं पानेसाहेबांना वाटलं नव्हतं. बाईंविषयीचा त्यांचा आदर वाढला.

पुढच्या काही दिवसांत गल्लीच बदलली. न्हाव्यानं त्यांना रांग सोडून खुर्चीत बसवलं. दूधवाला सायकलवरून उतरून "साहेब, तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून जग चाललंय," म्हणाला. शाळेत शिकवून परतणाऱ्या बायकोला वाटेत दोन अनोळखी बायकांनी थांबवून तिचं नशीब किती थोर आहे ते ऐकवलं; नवऱ्यावरून आपलं अभिनंदन होण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यात नवीन असल्यानं ती गोंधळून घरी आली. पानेसाहेबांनी मात्र हे सगळं योग्यच मानलं. उशिरा का होईना, समाजाला यंत्रविद्येचं महत्त्व कळू लागलं, असं त्यांनी जेवताना सांगितलं. चालताना त्यांची कंबरही जरा सरळ राहू लागली.

मग एका संध्याकाळी वरून आईनं हाक मारली.

आई वरच्या मजल्यावर राहते, तिथं तिला सगळं काही आहे, असं पानेसाहेब कुणालाही सांगत. आणि होतंच की. ऊन होतं, रेडिओ होता, लागून न्हाणीघर होतं, जेवण वेळेवर वर जात होतं. जिना अरुंद आणि उभा. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलेली नव्हती. रोज ऑफिसला निघताना पानेसाहेब जिन्याच्या तळाशी उभं राहून "आई, येतो गं!" असं ओरडत, वरून "ये रे" असं येई, आणि दिवस सुरू होई. यात काही चुकतंय असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

ते वर गेले. आईनं त्यांना खाटेवर जवळ बसवून घेतलं आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हा चेहरा इतक्या वर्षांत कुणी हातात धरला नव्हता, त्यामुळे तो कसा ठेवावा हे त्यांना समजेना.

"नर्सबाईंनी सांगितलं मला," आई म्हणाली. "मी बोलणार नव्हते रे कधी. मागितलं असतं तर तू केलंच असतंस. पण न मागता केलंस."

पानेसाहेबांच्या डोक्यात एकेक दिवा पेटत गेला: नर्सबाईंचा रुमाल, न्हाव्याची खुर्ची, दूधवाल्याचं जग. "आई, त्याचं असं आहे, की ती जी लिफ्ट..."

"आरसा असतो ना रे तिच्यात?"

"असतो," पानेसाहेब म्हणाले. हे ते का म्हणाले, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

"आणि मला एक चपलांचा जोड आण. बाहेरच्या. घरातल्या घालून गल्लीत कशी जाऊ?"

पानेसाहेब खाली आले आणि बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती, तिनं पेन खाली ठेवलं.

"मग आता?"

"सांगतो तिला. उद्या."

"मला सांगायला लावू नका," ती म्हणाली. "आई तुमची, लिफ्ट तुमची आणि जीभही तुमचीच."

उद्या उजाडला. पानेसाहेब वर गेले, चपला देऊन परत आले. परवा गेले, तर आई खाटेला धरून नव्या चपलांनी चार पावलं टाकून दाखवत होती. तिला गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत जायचं होतं. काही घ्यायचं नव्हतं, नुसतं जायचं होतं. पानेसाहेब "वा, वा," म्हणून उतरले. ऑफिसात रागीट ग्राहकांना 'तुमचा दावा नामंजूर झाला आहे' असं तोंडावर सांगणारा हा माणूस, पण आईसमोर जिभेला कुलूप. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्यांना भूक फार लागे, त्यामुळे घरातले डबेही रिकामे होत चालले.

माणसांची खरी लिफ्टच बसवली तर? त्यांनी तेही करून पाहिलं. एक इंजिनियर येऊन घरभर टेप पसरून गेला. लिफ्टचा खड्डा बरोबर स्वयंपाकघरात येतो, आणि खड्डा खणला की घराचा पाया राहील याची हमी नाही, असं त्यानं सांगितलं. गाडीची लिफ्ट रद्द करावी, तर ती ट्रकमध्ये चढून निघालेली. सांगताही येईना आणि गिळताही येईना.

त्यात वकील परवानगीसाठी मागे लागलेले. पानेसाहेब शेवटी सरकारी कचेरीत गेले. पाटी होती 'उद्वाहन विभाग'. हा शब्द त्यांना लग्नाशी संबंधित वाटला, आणि आतल्या बाकावरचे चेहरे पाहून खात्रीच पटली. पण उद्वाहन म्हणजे लिफ्टच, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं.

"मजले किती?" कारकुनानं विचारलं.

"मजला नाही."

"मग उद्वाहन जातं कुठं?"

"वर."

"वर काय आहे?"

"काही नाही. तिथं थांबतं."

"मग?"

"मग खाली येतं."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "उतारू किती?"

"उतारू नाहीत. गाडी आहे."

"गाडीत कोण?"

"कोणी नाही."

"मग बटण कोण दाबणार?"

"मी. खालून."

"म्हणजे," कारकून सावकाश म्हणाला, "कुणीही न बसलेलं उद्वाहन, कुठंही न जाण्यासाठी, तुम्ही बाहेर उभे राहून चालवणार. घरी सगळं ठीक आहे ना साहेब?"

त्यानं त्यांना वाहनांच्या कचेरीत पाठवलं. त्या कचेरीनं लिफ्टचा इंजिन नंबर मागितला आणि ती रस्त्यावर कधी उतरवणार असं विचारलं. तिथून त्यांना पुन्हा उद्वाहनाकडे पाठवण्यात आलं. भीक नको पण कुत्रा आवर अशा अवस्थेत पानेसाहेब घरी आले, तर दारात ट्रक.

लिफ्ट चार खांबांचीच होती. वकिलांमुळे नव्हे, दोन खांबांसाठी अख्खी जमीन उकरावी लागली असती. दुकानाच्या माणसांनी दारं लावून घेऊन ती खोलीत उभी केली: चार जाडजूड लोखंडी खांब, मध्ये चाकांसाठी दोन लांब पट्ट्या. म्हातारी तिच्यावर चढली. पानेसाहेबांनी बटण दाबलं. ती गुरगुरत वर गेली आणि छताला हात लागेल इतक्यावर थांबली. ते तिच्याखाली ताठ उभे राहिले. याच क्षणाची ते इतके दिवस वाट पाहत होते. पण मान वर केली की त्यांना गाडीचं बूड दिसे, आणि त्याच्यावर आईच्या खोलीची जमीन.

"आज सांगतोच," ते बायकोला म्हणाले, आणि दार उघडलं.

बाहेर गल्ली जमली होती. नर्सबाईंनी दाराला फीत बांधली होती. आणि जिन्यावरून एक खुर्ची खाली येत होती. तिचे चार पाय न्हावी, दूधवाला, वाणी आणि दुकानाचा एक गडी यांनी धरले होते, वकील पुढं चालत "डावीकडे! कायद्यानं डावीकडे!" असं ओरडत होते. खुर्चीत आई होती, ठेवणीतले कपडे आणि नव्या चपला घालून.

"आजच्या दिवस जिन्यानं," नर्सबाई आनंदानं म्हणाल्या. "उद्यापासून लिफ्ट!"

खुर्ची दारासमोर टेकली. आईनं फीत कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आत पाहून टाळ्या हळूहळू बंद पडल्या.

"लिफ्ट कुठाय?" नर्सबाईंनी विचारलं.

"हीच," पानेसाहेब म्हणाले. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आई, ही गाडीची लिफ्ट आहे. मी म्हातारी म्हणतो ते गाडीला. तू कधी डोक्यातच नव्हतीस माझ्या. मला सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही."

दूधवाल्याला हसू फुटलं, पण कुणीच साथ दिली नाही म्हणून त्यानं ते खोकल्यात घातलं. नर्सबाई भिंतीकडे पाहू लागल्या. पानेसाहेबांना वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण ती चार खांबांनी पक्की धरून ठेवलेली होती.

आईनं मान वर करून गाडीकडे पाहिलं.

"हिला म्हातारी म्हणतोस?"

"हो."

"आणि मग मला काय म्हणतोस?"

"आई म्हणतो."

"जिन्याखालून," आई म्हणाली.

पानेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळ्या गल्लीसमोर आलं. बायको येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

चौघांनी पुन्हा खुर्चीला हात घातला.

"ठेवा ती खाली," आई म्हणाली. "मी वर जात नाही."

"अहो, पण लिफ्ट तर..." वकील म्हणाले.

"मला लिफ्ट नकोच होती. कुणीतरी खाली आणायला हवं होतं. आणलंत, बरं झालं." मग मुलाकडे वळून ती म्हणाली, "तुझी ती गाडी काढ बाहेर. वरून मला नुसती कौलं दिसतात. माझी खाट इथं टाक."

म्हातारी अंगणात गेली. खाट खाली आली, रेडिओ आला, कपाट आलं. प्रश्न उरला लिफ्टचा. ती जमिनीत पक्की बोल्ट केलेली. काढायची तर खोली उकरावी लागेल, असं दुकानदार म्हणाला. तेव्हा बायकोनं मार्ग काढला. दोन पट्ट्यांवर जाड फळ्या ठोकल्या, भोवती कठडा केला आणि खाट त्यावरच ठेवली. चार खांबांना पडदे लावल्यावर तो पलंग एखाद्या राणीचा वाटू लागला. दुकानदारानं येऊन पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या पुस्तकात हे बसत नाही."

"पण मी बसते," आई म्हणाली.

बटण तिच्या उशाशी आहे. सुरुवातीला ती फक्त नर्सबाई आल्या की त्यांना वाकावं लागू नये म्हणून हातभर वर होई. मग तिचा हात बसला. आता नको असलेला पाहुणा आला की ती गप्पा मारता मारता हळूहळू वर जाते, आणि पाहुण्याची मान दुखली की तो उठतो. वकिलांना तिनं दोनदा असं घालवलंय. दुकानापर्यंत मात्र ती रोज जाते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सुनेचा दंड.

हल्ली पानेसाहेबांना एक कोडं पडलं होतं. ऑफिसातून कधीही या, लवकर या, उशिरा या, पायरीवर पाऊल ठेवावं तर चहा कपात ओतलेला आणि वाफाळलेला. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत? आई सांगतात, मी ओतते."

काल ते आले तेव्हा खाट वर गेलेली होती.

"आई, एकटीच वर काय करतेस?"

"अरे, खालून खिडकीतून बघावं तर मध्ये कुंपणाची भिंत येते," आई म्हणाली आणि बटण दाबून खाली येऊ लागली. "एवढं वर झालं की तू थेट वळणावरूनच दिसतोस."